सुचेना तर ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. सव्वीस वर्षं तो दाबून दाबून माझा उजवा पाय आता माझं ऐकत नाही. टॅक्सीत बसलो की दाबतो, शेजाऱ्याच्या गाडीत बसलो की दाबतो. एकदा दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत दाबला, तेव्हा डॉक्टरच दचकले. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच मंत्र देत आलोय, "सुचेना तर ब्रेक." शहरातली निम्मी माणसं या मंत्रावर गाडी चालवतात. उरलेली निम्मी कुठे शिकली देव जाणे.

माझी भाची हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून घरात तिला भिंगरीच म्हणतात. तिची ड्युटी पहाटे साडेपाचला सुरू होते आणि पहिली बस सहाला. लायसन्स तिने बाहेरगावी शिकत असतानाच काढलं होतं. एक दिवस ती येऊन म्हणाली, "मामा, गाडी घ्यायचीये. पहिलीच. रोज कामावर जायला, आणि रविवारी घसरवायला."

"काय करायला?"

"ड्रिफ्टिंग. शहराबाहेर तो बंद पडलेला विमानतळ आहे ना, तिथे क्लब आहे. हेल्मेट, शिकवणारे, सगळं नियमात. पण मला परवडेल अशी एकच गाडी दोन्हीला चालली पाहिजे."

मी सोफ्यावर होतो, तरी पाय फरशीवर दाबला गेला.

चार वर्षांपूर्वी तिच्या बाबांची, म्हणजे माझ्या भाऊजींची, गाडी एका ओल्या वळणावर घसरून भिंतीवर आदळली होती. भिंगरी शेजारीच बसली होती. दोघं वाचली, भाऊजींचा खांदाही जुळला, पण त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. पुढच्या सीटवरसुद्धा बसत नाहीत. मागे बसतात, डोळे मिटून. त्यामुळे गाडीचं नाव काढताच ताईने लेकीला सांगून टाकलं, "मामा हो म्हणाला तरच घ्यायची." मामा नकारच देणार हे ताईला पक्कं ठाऊक होतं. बंदूक तिची, खांदा माझा.

तरी मी गाड्या बघायला गेलो. म्हटलं, एखादी साधीसुधी गाडी तिच्या गळ्यात मारू आणि ते घसरण्याचं खूळ आपोआप उतरेल.

पहिली अगदी तशीच मिळाली. छोटी, टुमदार, पेट्रोल हुंगून चालणारी. मी खूश. भिंगरीने तिच्यावरून मायेने हात फिरवला आणि म्हणाली, "गोड आहे, पण हिला पुढची चाकं ओढतात. माझ्या कामाला मागची ढकलणारी हवी."

दुसरी गाडी लालभडक. मालक एक हौशी तरुण होता आणि सायलेन्सर त्याच्याहून हौशी. भिंगरीने गाडी गल्लीत हळूच वळवली आणि सवयीने माझा पाय गेला. गेला म्हणजे खरोखरच गेला. पायपुसण्याखालचा पत्रा गंजून बिस्किटासारखा झाला होता. तो मोडला आणि माझा बूट थेट रस्त्याला लागला. मी ओरडलो. भिंगरीने गाडी थांबवली, खाली वाकून पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने मालकाला म्हणाली, "दादा, ब्रेक छान लागतोय."

तिसरी होती एका निवृत्त भूगोलाच्या बाईंची. चौदा वर्षांची, राखाडी, चार दारांची, बाईंसारखीच ताठ बसणारी. दुरुस्तीची एकूण एक पावती त्यांनी पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती. इथे मात्र भिंगरीचं बघणं बघायला मी तिकीट काढलं असतं. तिने ऑइलचा थेंब पांढऱ्या कागदावर घेऊन उजेडात धरला, लॅबमध्ये रक्त बघते तसा. टायर आतल्या बाजूने जास्त झिजलेत का ते बोटांनी चाचपलं. पायपुसणी उचलून पत्रा ठोकून पाहिला आणि माझ्याकडे बघून हसली. मग मागच्या सीटवर जाऊन एक मिनिट शांत बसली.

"तिथे काय तपासतेस?"

"बाबांचे गुडघे मावतील का ते." मग बोटांवर मोजत म्हणाली, "मागची चाकं ढकलतात, गिअर हाताचे, हँडब्रेकला दांडा आहे, सुटे भाग भंगारातही मिळतात. आणि डिकीत रविवारचे दोन जुने टायर बसतात."

"इंजिनात दम नाही हिच्या," मी शेवटचा खडा टाकून पाहिला.

"शिकताना दम कमीच बरा. जास्त दम असला की चुका झाकल्या जातात."

हे वाक्य माझं असायला हवं होतं. सव्वीस वर्षांत सुचलं नाही.

तरी मी मान हलवली. "गाडी उत्तम आहे. पण माझा नकार. घसरणं म्हणजे खेळ नाही. तुझ्या घरात तरी हे कुणाला सांगावं लागू नये."

ती चिडली नाही. बाईंच्या फाटकाशी उभी राहून शांतपणे म्हणाली, "त्या दिवशी बाबांनी काय केलं, माहितीये? ब्रेक दाबला आणि सोडलाच नाही. चाकं फिरायची थांबली, नुसती घसरत राहिली. स्टिअरिंग पूर्ण फिरवलेलं होतं, पण गाडी वळेना. मी त्यांच्याकडे बघत होते, मामा. ते काहीतरी पुटपुटत होते."

काय, ते विचारायची मला गरज नव्हती. भाऊजींना गाडी मीच शिकवली होती.

"घसरू नये म्हणून तू सगळ्यांना शिकवतोस," ती म्हणाली. "घसरल्यावर काय करायचं, ते कुणी शिकवत नाही. मला ते शिकायचंय."

मला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग या पोरीचा अभिमान वाटला. मी तिथूनच ताईला फोन लावला. "हो म्हणतोय मी." ताई म्हणाली, "शेजारी तू बसायचंस."

बसलो. रविवारमागून रविवार बसलो. ओल्या काँक्रीटवर ती गाडीचं मागचं अंग सोडायची आणि ते जिकडे पळेल तिकडेच स्टिअरिंग वळवायची. ब्रेकला पाय नाही, चेहऱ्यावर घाई नाही. पहिल्या दिवशी ती चौदा वेळा गरगरली आणि चौदाही वेळा हसत सुटली. दोन महिन्यांत ती राखाडी मास्तरीण तिच्या हातात नाचायला लागली. आणि सोमवारी पहाटे हीच पोर हीच गाडी घेऊन सिग्नलला मुकाट थांबायची. इतकी चांगली चालवणारी माझ्या हाताखालून एकही गेली नाही, आणि हीही माझ्या हाताखालची नव्हे.

एका रविवारी भाऊजी बरोबर आले. चहाचा थर्मास घेऊन तासभर कुंपणाशी उभे राहिले. मग सावकाश चालत आले आणि पुढच्या दाराशी थांबले. माझ्या दाराशी.

"जरा मागे बसतोस?" ते मला म्हणाले.

मी हेल्मेट त्यांना दिलं, दुसरं आणून चढवलं आणि मागे बसलो. भिंगरीने त्यांचा पट्टा स्वतः ओढून पाहिला. वेग घेतला, वळली, आणि गाडीचं मागचं अंग सुटलं. भाऊजींचा उजवा गुडघा ताठ झाला. पाय जमिनीत रुतला, तिथे काहीच नव्हतं तरी.

"बाबा," ती समोर बघतच म्हणाली, "पाय उचला. मी आहे ना."

भाऊजींनी उचलला. डोळे उघडेच होते त्यांचे. त्यांच्या मागे बसून मीही माझा उचलला.