ओठांतले दोन जेट

बासूने ओठांतला पितळी जेट तळहातावर काढला आणि भिंग लावून त्यावरचा आकडा वाचला. एकशे दहा, म्हणजे मोठ्या भोकाचा. कुडत्याला पुसून पुन्हा वाचला. आकडा काही बदलेना.

हा जेट आत्ता इत्तोच्या मोटरसायकलमध्ये असायला हवा होता.

इत्तो, त्याची लेक, डोंगराखालच्या बेनी मेल्लाल शहरात दवाखान्यात नर्स होती. सोमवारी डोंगर उतरायची, शुक्रवारी परत यायची. वर गावात हवा विरळ, म्हणून कार्बोरेटरमध्ये पेट्रोल कमी सोडणारा बारीक भोकाचा जेट लागे, खाली जाताना मोठ्या भोकाचा. दर सोमवारी बासू अंगणात बसून तो बदलून देई, ती परतली की पुन्हा बारीक बसवी. दोन्ही जेट फुंकायचे, ओठांत धरायचे, त्यातला एक बसवायचा. मेकॅनिकीच्या चाळीस वर्षांत हात चुकला नव्हता. आज काढलेलाच परत बसवला होता. खालच्या सपाटीवर ती गाडी पळवणार, अपुऱ्या पेट्रोलवर इंजिन तापून जाम होणार आणि चाक जागीच अडकणार.

त्याने फोन लावला. वाजत राहिला.

"शेजारच्या हाफिदला जीप काढायला सांगतो," तो चपला शोधू लागला. "माझ्या हातून पोरीचा घात झाला, तूदा."

पीठ मळणाऱ्या बायकोने हात थांबवले.

"बसा."

"अगं, बसा काय?"

"ती तुमच्या गाडीवर नाही. तुमची गाडी गिरणीमागच्या शेडमध्ये उभी असते. तिथून ती दुसरी घेते. इंजेक्शनवाली. तिला जेट लागतच नाही. हवा विरळ की दाट, ते तिचं तिला कळतं म्हणे."

"कधीपासून?"

"सहा महिने झाले."

"गावाला माहीत आहे?"

"तुम्ही सोडून सगळ्यांना. इंजेक्शन माणसाला द्यावं, गाडीला नाही, असं तुम्हीच चौकात सांगत फिरता. मग पोरीने काय करावं?"

"निदान तू तरी बोलायचंस."

"सोमवारी तुमच्या तोंडात जेट असतात. किती खुशीत असता तेव्हा. माझ्याने बोलवलं नाही."

एरवी बासूने घर डोक्यावर घेतलं असतं.  आज तो चपला शोधायचं सोडून उंबऱ्यावर बसला. रागवायचं राहूनच गेलं. जीव भांड्यात पडला होता.

तूदाने पुढ्यात चहा ठेवला. तो निवला, तरी त्याने पेल्याला हात लावला नाही. मग फोन वाजला.

"पोचले, बाबा. गाडी चालवत होते, म्हणून उचलला नाही."

"बरी आहेस ना?"

"मला काय झालंय? गाडी मस्त पळाली. जेट अगदी बरोबर बसला होता."

बासूने तळहातावरच्या जेटकडे पाहिलं. मूठ मिटली.

"शुक्रवारी गिरणीपाशी थांबू नकोस," तो म्हणाला. "ती गाडी सरळ अंगणात आण."



"बाबा..."

"आण गं. धुऊन तरी देईन."