शेजाऱ्याचं बटण

गटनेत्याचा संदेश सकाळी सव्वानऊला आला : किल्ली काढून घ्या, एकेक करून निसटा. विरोधी पक्षाच्या पन्नास आमदारांनी आपापल्या मेजावरच्या मतदानयंत्राची किल्ली खिशात टाकली. एकावन्नाव्या, व्हर्लीन गिड्री, यांनी पर्स उचलली, चष्म्याचं घर उचललं आणि किल्ली यंत्रातच राहू दिली.

गणपूर्तीला शंभर डोकी लागत आणि हजेरी याच यंत्राच्या बटणाने नोंदली जाई; किल्ली नसली की बटण चालत नसे. सत्ताधारी होते नव्याण्णव. दुपारी बाराला अधिवेशन संपलं की टपाली मतदानाचं नवं विधेयक मेलं.

विधेयक हॉलिस टर्नबोचं. सतरा वर्षं तो व्हर्लीनच्या शेजारच्या मेजावर बसत होता, कारण इथे जागा पक्ष बघून देत नसत. कुणी कॉफीला उठलं की शेजाऱ्याने पेन्सिल लांबवून त्याचं बटण दाबायचं, ही सभागृहातली जुनी माणुसकी. नियमात मनाई होती; पण नियम बाहेरच्यांसाठी असतात.

उदाहरणार्थ, व्हर्लीनच्या आईसाठी. म्हातारीचा हात थरथरायचा, म्हणून टपाली मतपत्रिकेच्या पाकिटावरचा ओळखपत्राचा नंबर शेजारणीने लिहिला. हॉलिसच्याच आधीच्या कायद्याने मत बाद झालं आणि शेजारीण दोनदा पोलिसांत जाऊन आली. त्याच महिन्यात आई गेली. शेवटपर्यंत विचारत होती, "माझं मोजलं ना गं?" व्हर्लीनने हा किस्सा समितीपुढे सांगितला, तेव्हा हॉलिस अतिशय सभ्यपणे म्हणाला होता, "हेतू कायद्याला दिसत नाही, मॅडम. हात कुणाचा, एवढंच दिसतं."

व्हर्लीनने ते वाक्य जपून ठेवलं होतं.

साडेअकराला मंडळी राज्याची हद्द ओलांडून एका मोटेलात पोचली. गैरहजर आमदारांना पकडून सभागृहात आणायचा सभापतींचा हुकूम तिथे चालत नव्हता. आमदार कान्तूने खिसे चाचपले. "माझी किल्ली आहे. ताई, तुमची?"

"राहिली वाटतं."

कान्तूच्या हातातला डोनट तसाच राहिला. "राहिली? तिथे हॉलिस बसतो."

"हो. त्याला सवय आहे."

बाहेर वाहिनीवाले थेट प्रक्षेपणाला उभे होते. एरवी कॅमेरा दिसला की बाजूला होणारी व्हर्लीन आज सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. अकरा बावन्नला वार्ताहराने कानातलं यंत्र दाबलं आणि गोंधळून विचारलं, "मॅडम, तिकडे फलकावर शंभर हजर आहेत. त्यात तुमचंही नाव आहे."

"मी कुठे आहे?"

"इथे. मोटेलच्या वाहनतळात."

"मग तेच दाखवा. मागची पाटीही येऊ द्या."

तिकडे सभापतींच्या दालनातल्या पडद्यावर तीच व्हर्लीन दिसत होती. दोन मिनिटांत हजेरी रद्द झाली. उरलेली सहा मिनिटं बटण कुणी दाबलं या चौकशीत गेली आणि बारा वाजले.

बारा वाजून चार मिनिटांनी हॉलिसचा फोन आला.

"व्हर्लीन, हात आपोआप गेला हो. सतरा वर्षांची सवय. आता सरकारी वकील म्हणतोय, दुसऱ्याचं बटण दाबलं म्हणजे दुसऱ्याचं मत टाकलं, माझ्याच त्या कायद्यात बसतं. माझा हेतू वाईट नव्हता, एवढं तरी सांगा त्यांना."

"हेतू दिसत नाही, हॉलिस. हात कुणाचा, एवढंच दिसतं."

हॉलिस म्हणाला, "किल्ली मुद्दाम ठेवलीत तुम्ही."

"छे. विसरले. आणि हेतू चांगला होता असं सांगून आमची शेजारीण सुटली नव्हती, तेव्हा तुम्ही दुसरं काहीतरी शोधा."