झोपवलेली बाटली

गोदामातल्या जुन्या संगणकाला सगळे आजोबा म्हणत. दिवसभरात काय विकलं गेलं, काय आलं, हे आजोबांच्या कानी थेट दुसऱ्या दिवशी पहाटे पडायचं. तोवर दुकानाची वेबसाइट त्यांच्या कालच्या आठवणीवर चालायची आणि एकच वस्तू दोघातिघांना विकून मोकळी व्हायची. मग ‘माफ करा, माल संपला’ असं सांगताना फोनवरच्या मुलींच्या नाकी नऊ येत.

माल काढणाऱ्या बायकांनी यावर आपला तोडगा काढला होता. संपत आलेल्या मालातला एखादा नग वरच्या फळीवर, रिकाम्या खोक्यांमागे दडवायचा. याला त्या ‘झोपवणं’ म्हणत. खरोखर नडलेलं कुणी फोनवर आलं की तो नग उठवायचा. साहेबांना हे ठाऊक होतं. ते काणाडोळा करीत.

त्यांच्यातल्याच मावशींनी परवा एक बाटली झोपवली होती. टाळू दुभंगलेल्या बाळांसाठीची, मऊ, हलकेच दाबून दूध पाजायची. पण ही कुणा गिऱ्हाइकासाठी नव्हती. त्यांची नात तशीच जन्मली होती, आणि घरातल्या एकुलत्या एका बाटलीची झडप फाटली होती. कामावरच्या माणसांना खरेदी करता यायची ती फक्त शनिवारी, सुटताना. ‘शनिवारपर्यंत राहू दे,’ असं मावशींनी मनाला समजावलं होतं. रीतसर विकतच तर घ्यायची होती!

आज शनिवार, आणि दुपारी त्याच बाटलीची ऑर्डर आली. संगणक म्हणत होता, एक शिल्लक.

“फळी रिकामी आहे,” मावशी म्हणाल्या.

“झाला वाटतं आजोबांना पुन्हा भास!” शेजारची हसली.

कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. आज आजोबा खरं बोलत होते, हे एकट्या मावशींना माहीत होतं. त्या मान खाली घालून पुढची खोकी चिकटवत राहिल्या.

थोड्या वेळाने फोनवरची मुलगी आत आली. हातात फोन, त्याच्यावर तळवा दाबलेला.

“मावशी, एखादी बाटली झोपवलेली आहे का हो?”

“नाही गं.”

“बाई भांडत असती तर मी निभावलं असतं. ही भांडतच नाहीये! विचारतेय, चमच्याने कसं पाजू, बाळ ठसकतं म्हणे. आता मला काय कळतंय त्यातलं? माझं अजून लग्न ठरेना.”

मावशींनी फोन घेतला.

“ऐक गं बाळा. आडवं नको घेऊस, बसतं धर. चमचा खालच्या ओठाला नुसता टेकव, ओतू नकोस. गिळू दे, मग पुढचा. दमलं की थांबायचं. घाई केलीस तर नाकातून येतं.”

पलीकडून त्या बाईने विचारलं,

“तुमच्या घरात आहे का हो असं बाळ?”

“नात आहे.”

“मग तिला तरी मिळाली का बाटली?”

त्या विचारण्यात टोचणी नव्हती. मिळाली असली तर बरं, असाच सूर होता. मावशींच्या ओठांवर आलेलं ‘नाही’ तिथेच अडकलं.

फोन मुलीच्या हाती देऊन त्यांनी शिडी ओढली. गुडघे कुरकुरले. खोक्यांमागून बाटली काढून त्यांनी ती एप्रनला पुसली. पुसायची तशी काही गरज नव्हती.

“अहो, आत्ता तर नाही म्हणालात!”

“म्हणाले. ती ऑर्डर रद्द करू नकोस. आजोबांचं बरोबर होतं, मीच...”

खोकं बंद होईपर्यंत मुलगी शिडीला हात लावून उभी राहिली.

संध्याकाळी लेक दारातच होती. “आणलीस?”

“एकीची ऑर्डर आली. दिली तिला.”

“आई!”

“तिचंही बाळ असंच आहे गं.”

लेकीने दुधाची वाटी ओट्यावर आपटली. थोडं सांडलं. ते पुसून तिने वाटी पुन्हा भरली आणि आईसमोर ठेवली, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

मावशींनी नातीला बसतं धरलं, चमचा खालच्या ओठाला टेकवला आणि गिळण्याची वाट पाहत राहिल्या.