थांबून बोलणारी माणसं

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे आणि जराशी मानी आहे. माझ्या पोटात हॉलिवूडचा एक बोलपट आहे, चित्रपट नुकतेच कुठे बोलायला लागले होते तेव्हाचा. सुरुवातीलाच एक चष्मेवाले गृहस्थ येतात आणि या बोलपटाला त्या काळच्या समीक्षकांनी कसं झोडपलं ते सांगतात. नट एकमेकांशी नाही, फुलदाणीत लपवलेल्या मायक्रोफोनशी बोलतात, असं एकाने लिहिलं होतं. दुसरा म्हणाला, ही मंडळी प्रत्येक वाक्यानंतर इतकी थांबतात की प्रेक्षकाने मधे कॉफी पिऊन यावं. एकाने नायिकेच्या आवाजाचं कौतुक केलं होतं, पण ते हे गृहस्थ घाईघाईने उरकतात. आपली निंदा आपल्याच तोंडाने सांगायची, असं नशीब कुणाच्या वाट्याला येऊ नये.

साधारण चौऱ्याण्णव साली मी दुबईत, करामा भागातल्या शहरबानूंच्या व्हिडिओ लायब्ररीत आले. गिऱ्हाइकं मला न्यायची आणि दुसऱ्या दिवशी नाक मुरडून परत आणायची. 'खलास, इसमें कुछ होता ही नहीं,' एवढंच त्यांचं समीक्षण. माझ्या पाठीवर 'ड्रामा' असं लिहिलेलं होतं. मराठी मंडळी नाटकाची कॅसेट मागताना 'ड्रामा'च म्हणत, म्हणून शहरबानूंनी मला उचलून मराठी नाटकांच्या फळीवर ठेवलं. माझ्या शेजारणी दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या घरी पाहुणचाराला जायच्या. मी धूळ खात बसायचे. फार एकटं वाटायचं.

एका गुरुवारी शैलेंद्र नावाचे गृहस्थ ऑफिसातून घाईत आले आणि नाटक समजून मलाच घेऊन गेले. ते नाटक त्यांच्या प्रमिला आत्यांसाठी होतं. नवरा-बायको दोघं नोकरीला, म्हणून घर सांभाळायला आत्या सांगलीहून आल्या होत्या. दिवसभर फ्लॅटमध्ये त्या आणि एसीची घरघर. शैलेंद्रची मुलगी वैभवी शाळेतून आली की सगळं इंग्रजीत बोलायची, तेही भरभर. आत्यांनी काही विचारलं, तर 'लीव्ह इट, तुला नाही कळणार.' बोलायलाच कुणी नाही, तर राहायचं कशाला? आत्यांनी भाच्याला परतीचं तिकीट काढायला सांगितलं होतं.

मला लावलं तर पडद्यावर गोरी माणसं. शैलेंद्र ओशाळले. उद्या बदलून आणतो म्हणाले. आत्या म्हणाल्या, "राहू दे."

घर रिकामं झाल्यावर त्यांनी मला पुन्हा लावलं. मग रोजच. पहिल्यांदा काही कळलं नसावं. पण माझी माणसं एक वाक्य बोलतात, थांबतात, मग पुढचं बोलतात. ज्या थांबण्याला सगळ्यांनी नावं ठेवली, तेवढ्या वेळात आत्या ऐकलेला शब्द शाळेत शिकलेल्या इंग्रजीशी ताडून मनात घोळवायच्या. हळूहळू नायिका घर का सोडते ते त्यांना उमगलं आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. माझ्यासाठी कुणीतरी पहिल्यांदाच रडलं होतं, मित्रांनो.

एके दुपारी वैभवी लवकर आली आणि दारातूनच बघत राहिली.

"आत्याआजी, व्हाय डू दे टॉक सो स्लो?"

झालं, मला वाटलं, ही पण त्या समीक्षकांचीच नात! आत्या तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "समोर कुणीतरी ऐकतंय, हे त्यांना माहीत आहे."

दप्तर ठेवून वैभवी शेजारी बसली. बोलपट संपल्यावर तिने शाळेतली गोष्ट सांगितली. तिची जिवलग मैत्रीण शाळा सोडून गेली होती आणि डबा खायला तिच्या जोडीला कुणीच उरलं नव्हतं. सांगितलं इंग्रजीतच, पण अडखळत, थांबत. आत्यांनी मराठीत विचारलं, तिने उत्तर दिलं. तिकिटाचा विषय नंतर निघाला नाही. शैलेंद्रांनी मला लायब्ररीकडून विकतच घेतलं.

आता आत्या सांगलीला असतात. वैभवी नोकरीला लागली आहे आणि दुबई मरीनातल्या एका उंच इमारतीत एकटी राहते. तिच्याकडे मला लावायचं यंत्र नाही. मी खणात पडून आहे, बोलपट असून मुकी. ती शुक्रवारी आत्यांना फोन करते, तेवढं मला ऐकू येतं. आत्यांना हल्ली कमी ऐकू येतं. वैभवी मराठीत एक वाक्य बोलते आणि गप्प राहते. कधीकधी ती शांतता इतकी लांबते की मलाच धाकधूक होते. पण ती फोन ठेवत नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटकलीत तर बरं वाटेल, नाही झटकलीत तरी चालेल. पण घरात कुणी दिवसभर तुमची वाट बघत असेल, तर त्यांच्याशी बोलताना वाक्य संपलं की जरा थांबा. त्यांनाही काहीतरी सांगायचं असतं.