पांढऱ्या गाडीचं गरम बॉनेट

मित्रांनो, मी एक जुनी, पांढरी डिझेल गाडी आहे. घोडेगावच्या एका गॅरेजमागे उभी असते. माझ्या सीटवर आता कोंबड्या बसतात. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं.

कारखान्यातून मी नगरच्या एका मोटारींच्या दुकानात आले, पण विकायला नव्हे, दाखवायला. अंगानं लहान, किमतीनं महाग, मागे ऐसपैस डिकी, मखमली सीट! गिऱ्हाईक मला ट्रायलला न्यायचं आणि म्हणायचं, "काय पळते!" कितीतरी हात माझ्यावरून फिरले, पण मी कुणाचीच नव्हते. मला रोज पॉलिश व्हायचं. इंजिनात मात्र कुणी डोकावत नसे. डिझेल फवारणारे माझे नोझल खराब झाले आणि गार असताना सुरू केलं की मी धूर ओकू लागले. मग दुकानातला गहिनीनाथ गिऱ्हाईक यायच्या आधीच मला चालू करून तापवून ठेवायचा. तापले की मी अगदी शहाण्यासारखी वागायचे.

१९९८च्या पौषात मी अशीच तापून सोनईला गेले. आदिनाथ नावाच्या ऊसवाल्या शेतकऱ्याला गाडी घ्यायची होती. त्याच्या चार वर्षांच्या लेकीला, संस्कृतीला, धाप लागायची. नगरच्या डॉक्टरांकडे सारखं न्यावं लागे, आणि खच्चून भरलेल्या जीपमध्ये पोर घुसमटायची. डिझेलची गाडी रोजच्या धावपळीला परवडणार होती. माझ्याशी तुलना करायला दुकानाच्या मिस्त्रीनं एक हिरवी गाडीही आणली होती.

संस्कृतीची आई शुभांगी कॉलेजात शिकलेली, फार बारीक नजरेची. तिनं येताच माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला आणि झटकन उचलला.

"गरम आहे हो."

"नगरवरनं आलीय ना, वहिनी," गहिनीनाथ हसला.

शुभांगीनं शेजारच्या हिरवीकडे पाहिलं. तीही नगरवरूनच आली होती. पण मघाशीच येऊन गार पडली होती. मीही तिच्याबरोबरच पोचले होते, म्हणजे एव्हाना निवायला हवी होते. पण मी निवू नये म्हणून गहिनीनाथ इतका वेळ वेशीपाशी मला चालूच ठेवून उभा होता. शुभांगीच्या कपाळावर आठी आली. पण तेवढ्यात संस्कृती माझ्या मखमली सीटवर लोळत म्हणाली, "आई, हीच आपली!" आणि ती आठी विरली.

गोजरबाईंची, म्हणजे शुभांगीच्या सासूची, परीक्षा निराळीच. पाण्यानं भरलेला तांब्या मांडीवर घेऊन त्या मागे बसल्या. "हाकला आता शिवंच्या खडकाळ रस्त्यानं!" हिरवीत त्यांचं निम्मं लुगडं भिजलं. माझ्यात दोन थेंब सांडले.

"गाडी हाय का पाळणा!" त्या म्हणाल्या. मी जिंकले होते.

आता आमची माणसं तशीच परत जाणार कशी? सोनईच्या त्या घरातून कुणी उपाशी जात नाही. "जेवल्याबिगर हलायचं न्हाई," असं म्हणून गोजरबाईंनी दोघांनाही पाटावर बसवलं. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, वर आग्रहाचं तूप. बाहेर लिंबाखाली गार वारं सुटलं होतं आणि मी हळूहळू निवत होते. आतून हसण्याचे आवाज येत होते, आणि मला ओरडता येत नव्हतं.

गहिनीनाथ तृप्त होऊन बाहेर आला. त्यानं किल्ली फिरवली. संस्कृती माझ्या मागे उभी राहून चकचकीत बंपरमध्ये स्वतःला वेडावून दाखवत होती.

धुराचा लोट थेट तिच्या तोंडावर गेला.

पोर खोकू लागली, मग तिला श्वासच घेता येईना. शुभांगीनं तिला उचलून विहिरीकडच्या मोकळ्या वाऱ्यात नेलं, दम्याच्या पंपातलं औषध ओढायला लावलं. छातीची घरघर थांबेपर्यंत ती तिची पाठ चोळत राहिली.

गहिनीनाथ किल्ली मुठीत धरून उभा होता. "वहिनी, तुमच्या घरचं खाल्लंय, आता खोटं गिळवत न्हाई. हिला तापवून आणली हुती मी."

"मला कळलं होतं, भाऊ," शुभांगी म्हणाली. "सकाळी हात भाजला तेव्हाच. पण गाडी आवडली होती ना..."

गोजरबाईंनी निकाल दिला, "ती हिरवीच घ्या. माझं लुगडं वाळंल. पोरीचा दम कुठून आणायचा?"

मित्रांनो, त्या दिवशी मला कुणी दोष दिला नाही. उलट निघताना संस्कृतीनं दमलेल्या हातानं माझ्या दाराला टाटा केला. तेच मला अजून सलतं.

तुमच्याकडे सायकल असो, मोटर असो, वरून पुसता तशी आतूनही बघत जा. आणि कधी बॉनेट गरम लागलं, तर आवडत्या गाडीलाही विचारायला लाजू नका.

हिरवी गाडी अजून घोडेगावच्या याच रस्त्यानं नगरला जाते. मागच्या सीटवरून आता मोठी झालेली संस्कृती मला हात करते. गाडी माझ्याजवळ आली की शुभांगी मात्र काच वर करते.

बरोबरच करते.