धुकेगडचा पहिला भाग

मित्रांनो, मी एका जुन्या कादंबरीमालिकेचा पहिला भाग आहे. धुकेगडावर राहणारी एक एकटी चेटकीण आणि वाट चुकून तिच्या दारी आलेली पाच अनाथ मुलं, यांची ही गोष्ट. रक्ताचं नातं नसताना बाई आई कशी होते, ते माझ्यात लिहिलं आहे. लोक माझं कौतुक करत आणि मला ते खरं वाटे. आज मात्र तुमच्यापुढे मान वर करून बोलवत नाही.

कोल्हापुरात जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर मी धूळ खात पडलो होतो. तिथून मला सरुबाईंनी उचललं. त्यांना वाचता येत नव्हतं. मंगल कार्यालयात त्या भांडी घासायच्या. शेजारच्या प्रीतीची आई वारली आणि वडील इचलकरंजीला मागावर कामाला गेले ते परतलेच नाहीत, तेव्हा सरुबाईंनी त्या सहा वर्षांच्या पोरीला आपल्या खोलीत आणलं होतं; आता ती पाचवीत होती.

"पोरगीला वाचायचा लई नाद हाय," असं गाडेवाल्याला सांगत त्यांनी मला पिशवीत घातलं.

प्रीतीनं माझी पारायणं केली. माझे कोपरे दुमडले, शिवण उसवली. सरुबाई भाकरी थापताना म्हणायच्या, "मोठ्यानं वाच की. मलाबी ऐकू दे."

"तुला नाही कळायचं, मावशी," प्रीती म्हणायची. आणि मी मनातल्या मनात तिला मान डोलवायचो.

आठवीत तिनं माझ्यावर निबंध लिहिला. 'जी सांभाळते तीच आई' हे माझ्यातलं वाक्य तिनं पेन्सिलीनं अधोरेखित केलं होतं. निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं. मला छातीशी धरून ती मंचावर उभी राहिली. टाळ्या माझ्यासाठीच आहेत असं समजून मी फुगलो होतो. खाली उतरताच वर्गाच्या बाईंनी विचारलं, "दाराशी डबा घेऊन उभ्या आहेत, त्या तुझ्या कोण?"

मैत्रिणी बघत होत्या. प्रीती म्हणाली, "कोणी नाही. भांडी घासायला येतात."

तिचे तळवे घामानं ओले झाले होते. माझ्या कव्हरावर अजून तो डाग आहे. पण खरं सांगतो मित्रांनो, तेव्हा मला लाज वाटली नाही. माझं लक्ष बक्षिसाकडेच होतं.

प्रीती शिकली, कागलच्या कारखान्यात नोकरीला लागली, तिचं लग्न झालं. दरवर्षी ती मला पुन्हा वाचायची. ते अधोरेखित वाक्य आलं की मात्र पान भरकन उलटायची.

यंदा तिला मुलगी झाली. बाळंतपण करायला आल्या त्या सरुबाईच. एका सकाळी पाय पसरून, पायांवर बाळ घेऊन त्या तेल चोळत होत्या. प्रीतीच्या हातात मला पाहून म्हणाल्या, "आता तरी मोठ्यानं वाच."

ती वाचू लागली. त्या वाक्यापाशी या वेळी तिनं पान उलटलं नाही.

"मावशी, बक्षिसाच्या दिवशी मी तुला..."

"ऐकलंतं की मी. कान हायत मला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? माझ्यापायी तुला खाली बघाय लागू ने, म्हणून मागच्या मागं घरला गेलतो."

"माझं चुकलं गं."

"चुकलंच." सरुबाईंनी बाळाला पालथं केलं. "लई दिस मनाला लागलंतं माझ्या. रडू नगंस, दूध आटंल. फुडं वाच. त्या बाईनं पोरास्नी जेवाय काय घातलं?"

प्रीतीनं डोळे पुसले आणि माझी पानं चाळली. एकदा, मग पुन्हा पहिल्यापासून. माझ्यात तलवारी आहेत, मंत्र आहेत, उडणारे घोडे आहेत. पाच पोरांसाठी कुणी चूल पेटवली, खरकटी कुणी काढली, याबद्दल तीनशे पानांत एक ओळ नाही.

"लिहिलेलं नाही, मावशी," ती हळूच म्हणाली.

"व्हय?" सरुबाई म्हणाल्या. "मग उपाशीच ऱ्हायली म्हणायची पोरं."

मित्रांनो, पुस्तकं सहसा सांगतात, आम्हाला कव्हर घाला, आमचे कोपरे दुमडू नका. ते मागायचं तोंड मला राहिलेलं नाही. तुम्हाला जिनं जेवू घातलं, ती दाराशी उभी असेल आणि कुणी विचारलं, "ही कोण?", तर चारचौघांत मोठ्यानं सांगा. माझ्यातलं दुसरं काही विसरलात तरी चालेल.