नाक्याअलीकडचं डोकं

काळजी करण्यात हाटकेश वस्तीतल्या संचिताचा हात कुणी धरला नसता. दहा मिनिटं उकळल्याशिवाय पिण्याचं पाणी भरायचं नाही. गॅसची नळी दर महिन्याला तपासायची. साडेतीन वर्षांच्या मिनलचं लसींचं कार्ड एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत आणि दोन्ही कपाटाच्या वरच्या फळीवर. नवरा जितेश म्हणायचा, "तुला एखाद्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर करायला हवं होतं."

हीच संचिता रोज सकाळी साडेआठला तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक दृश्य पाहायची. जितेश मोटरसायकल सुरू करायचा. मिनल पुढे पेट्रोलच्या टाकीवर, दोन्ही हातांनी हँडल धरून, "पप्पा, हॉर्न मी वाजवणार." आणि हेल्मेट जितेशच्या डाव्या कोपरात, बांगडीसारखं अडकवलेलं.

दोन गल्ल्या सोडून बालवाडी होती. तिथे मिनलला सोडून तो अंधेरीच्या कंपनीत जायचा. हेल्मेट डोक्यावर चढायचं ते दहिसर चेकनाका जवळ आल्यावर. त्याचंच काय, देवळाबाहेर चपला काढाव्यात तसे नाक्याच्या जरा अलीकडे कितीतरी जण थांबायचे, हेल्मेट घालायचे, पट्टा लावायचे आणि मग पुढे सरकायचे. नाक्यापलीकडे मुंबई. तिथे हवालदार पावतीपुस्तक घेऊन उभा. संध्याकाळी परतताना नाका ओलांडला की हेल्मेट पुन्हा कोपरात. तुमच्या-माझ्या घरातली ही रीत कुणी शिकवली नाही, पण आपण सगळ्यांनी ती पाठ केली.

"अहो, इथूनच घाला ना," संचिता म्हणायची.

"इथे कोण पकडतंय? गल्लीतून हेल्मेट घालून निघालो तर साईराज म्हणेल, बँक लुटायला निघाला वाटतं."

साईराज म्हणजे खालच्या मजल्यावरचा शेजारी, जितेशचा शाळेपासूनचा मित्र. तोही नाक्यावरच हेल्मेट घालणारा.

"साईराजभावजी दवाखान्याचं बिल भरणार आहेत का तुमचं?"

"संचू, नाक्यापर्यंतचा रस्ता मी डोळे मिटून चालवतो."

"तीच तर भीती वाटते."

हे बोलणं आठवड्यातून तीनदा तरी व्हायचं आणि चहाबरोबर संपायचं.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी मिनलला खोकला झाला. संचिताने तिला बालवाडीला न पाठवायचं ठरवलं. मिनलने भोकाड पसरलं. शाळेसाठी नव्हे, टाकीवरच्या फेरीसाठी.

"कोपऱ्यापर्यंत नेतो आणि आणून सोडतो," जितेश म्हणाला. "बघ कशी रडतेय."

संचिता क्षणभर विरघळली. एवढ्यात मिनल पुन्हा खोकली. "नको. वारा लागेल. वाफ द्यायचीय तिला." तिने पोरीला कडेवर घेतलं आणि गॅलरीत आणलं, पप्पांना टाटा करायला.

कोपऱ्यावर नव्या इमारतीचं काम चाललं होतं. तिथून पाण्याचा टँकर नुकताच गेला होता, नेहमीसारखा सांडत सांडत. रस्त्यावरची माती भिजून लोण्यासारखी झाली होती. जितेशने वळण घेतलं, पुढचं चाक सरकलं आणि मोटरसायकल डाव्या बाजूला आडवी झाली. आवाजसुद्धा फार झाला नाही.

मिनल म्हणाली, "पप्पा झोपले."

संचिता जिने कशी उतरली तिला आठवत नाही. मिनल कडेवरच होती. खाली पोचली तेव्हा जितेश मातीत बसलेला होता आणि भुवईवरून रक्त गालावर येत होतं. वॉचमन ईश्वर गाडी उचलत होता. आणि जितेशसमोर उकिडवी बसली होती कार्मिनमावशी. उत्तनची ही मावशी बुधवार-शुक्रवार मासळी घेऊन इमारतीत यायची. तिने पाटीतला बर्फ काढून रुमालात बांधला होता आणि त्याच्या कपाळावर दाबून धरला होता.

"हलू नको. बोंबलाचा वास येल, पन रगत थांबेल."

जितेश ओशाळून हसला. त्याचं डावं कोपर शाबूत होतं. त्यावरच्या हेल्मेटला मात्र एका बाजूने कानापासून मागपर्यंत खोल चरा गेला होता आणि कवच तडकलं होतं. मावशीने बोट फिरवून तो चरा पाहिला.

"कोपराला लय जपतंस रे. मेंदू तिथं ठेवलाय का?"

ईश्वर तोंड फिरवून हसला. संचिता हसली नाही.

जवळच्या डॉक्टरांनी तीन टाके घातले. पाय दाबून पाहिला आणि म्हणाले, "घोट्यापर्यंतचे बूट होते म्हणून घोटा राहिला. चपलेवर असता तर महिनाभर प्लास्टर. ऑफिसला जाताना घालता तेवढं भाजी आणायला जातानाही घालत जा. पडताना कुणी विचारत नाही, कुठे निघालात."

घरी आल्यावर संचिताने चहा टाकला. मावशी पाटी दाराशी ठेवून, कशी आहे तब्येत ते पाहायला वर आली होती. जितेशला आता धीर आला होता.

"बघ मावशी, गल्लीत पडलो म्हणून थोडक्यात वाचलो. वीसचासुद्धा वेग नव्हता. हायवेवर असतो तर गोष्ट वेगळी. म्हणून तर तिथे घालतो मी हेल्मेट."

मावशीने बशीत चहा ओतला. "मना सांग, आमच्या बोटी कुठं फुटतात?"

"खोल समुद्रात. वादळात."

"न्हाय. खोल पान्यात मानूस जागा असतो. डोळ्यांत तेल घालून सुकानू धरतो. परत येताना चर्चचा क्रूस दिसला की आलं घर म्हनतो, बिडी पेटवतो, हात ढिला सोडतो. तिथंच खडक असतो. माजा दीर टोनी तसाच आपटला. बायको समोर वाळूत उभी होती, हात हालवत. जीव राहिला, पाय गेला. आता घरात बसून जाळी विनतो." तिने बशी खाली ठेवली. "खडकाला काय ठाव, घर किती जवळ हाय?"

जितेशचा हात आपोआप टाक्यांकडे गेला.

"सांगा त्यांना, मावशी," संचिता म्हणाली. "मी बोलून बोलून थकले."

मावशीने तिच्याकडे पाहिलं. नजर कडक नव्हती.

"तू बोलतंस ते खरं हाय बाय. पन पोर रोज पुढं बसते. तिच्या डोक्यावर काय असतं?"

संचिताने मिनलकडे पाहिलं.

"दोन रिबिनी," मावशीच म्हणाली. "आनी रिबिनी कोन बांधतं?"

संचिताला एकदम ती टाकी दिसली. मोकळी. मिनल तिथे असती तर ती कुठे पडली असती, हे तिला मोजून सांगता आलं असतं: हँडल आणि रस्ता यांच्या मध्ये, वर गाडी, तिच्यावर बाप. लसीची तारीख एक दिवस चुकली तर जिचा जीव खालीवर व्हायचा, तीच आई रोज पोरीचा भांग पाडून तिला त्या जागेवर बसवत होती. स्वतः मागे बसायची तेव्हा तरी काय? अंबाडा आणि पदर. इथले पोलीस मागच्याला विचारत नाहीत, म्हणून तिनेही स्वतःला कधी विचारलं नव्हतं. म्हणजे नवरा जे नाक्यावर करत होता तेच ती घरात करत होती.

"चूक माझीही आहे," ती म्हणाली. "तुमच्यापेक्षा जास्त. मला तर कळत होतं."

जितेशने मिनलला जवळ ओढलं आणि तिच्या केसांवर हनुवटी टेकली. मग म्हणाला, "सकाळी मी तिला नेतच होतो, संचू. कोपऱ्यापर्यंत."

"मीसुद्धा हो म्हणणार होते."

मावशी उठली. "झालं ते झालं. कुनी मेलं न्हाय, रडू नका. मांदेली ठेवू का अर्धा किलो?"

रविवारी दोघं काशीमिऱ्याच्या दुकानात गेली, रिक्षाने. तडकलेलं हेल्मेट दुकानदाराने हातात घेऊन सांगितलं की याचं काम झालं, आता हे घालण्यात अर्थ नाही. जितेशने नवं घेतलं. संचिताने स्वतःसाठी मागितलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "मॅडम, पीछे बैठनेवाले को इधर कोई नहीं पकड़ता."

"पुलिस का डर नहीं है, भाईसाब. रास्ते का है," संचिता म्हणाली. अंबाडा सोडून तिने तिथेच खाली वेणी घातली आणि माप पाहिलं.

मिनलच्या मापाचं हेल्मेट मात्र मिळालं नाही. मग ठरलं की मिळेपर्यंत, आणि मागे नीट धरून बसण्याएवढी ती मोठी होईपर्यंत मोटरसायकल नाही. बालवाडी चालत आठ मिनिटांवर होती. इतक्या दिवसांत कुणी चालून पाहिलंच नव्हतं. मिनल दोन दिवस रुसली. तिसऱ्या दिवशी वाटेत एक मांजर भेटली आणि टाकी मागे पडली.

सोमवारी जितेशने मिनलला बालवाडीत पोचवलं, परत येऊन गेटातच हेल्मेट घातलं, पट्टा लावला. साईराज तिथेच गाडी पुसत होता.

"काय जित्या, चंद्रावर चाललास?"

"नाही रे, अंधेरीला. पण डोकं घरापासूनच बरोबर नेतोय."

"कोपऱ्यापर्यंतसुद्धा घालणार?"

"कोपऱ्यावरच पडलो ना मी."

साईराज हसला, कोपरात हेल्मेट अडकवून निघून गेला. आठवडाभर त्याची थट्टा चालली. पण त्याच्या बायकोने, मृणालिनीने, ते टाके जवळून पाहिले होते. एके सकाळी साईराज गेटात थांबला, इकडेतिकडे पाहिलं आणि हेल्मेट डोक्यावर चढवलं.

"बघतोस काय?" तो जितेशला म्हणाला. "हिने चहा दिला नाही त्याशिवाय."

मित्रहो, हवालदार नाक्यावर उभा राहतो, कारण त्याला कुठेतरी उभं राहावंच लागतं. तो पावती फाडतो, कपाळाला टाके घालत नाही. हेल्मेट, बूट, अंगभर कपडे ही दंड चुकवायची साधनं नव्हेत. ती घरी परत येण्याची तयारी आहे, आणि ती तयारी घराच्या दारातच करायची असते, मागे बसणाऱ्यानेसुद्धा. लेकराच्या मापाचं काही नसेल, तर लेकराला बोट धरून चालवत न्या. आठ मिनिटं लागतात.